आहात तिथेच थांबा

"आवाजावरून ओळखलं," तो म्हणाला.

मी औषधांच्या दुकानात काउंटरपाशी उभी होते. आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब हवे होते. मोठी बाटली की लहान, असं औषधवाल्याने विचारलं आणि पर्समध्ये डॉक्टरची चिठ्ठी चाचपत मी म्हणाले, "एक मिनिट हं, बघून सांगते." बस, एवढंच. पण एकोणीस वर्षं ज्या आवाजात मी लोकांना एक मिनिट थांबवत आले, त्याच आवाजात ते निघालं असणार, कारण दुसरा आवाज मला आता उरलेलाच नाही. घरी आईने हाक मारली तरी मी "हं, बोला" म्हणते आणि ती म्हणते, बोलते काय, दूध उतू चाललंय तिकडे. वळून पाहिलं तर पन्नाशीचा माणूस, दोन दिवसांची दाढी, बोटांच्या पेरांत साबणाने न जाणारं काळं. "मॅडम, पुराच्या कंट्रोल रूममध्ये असता ना तुम्ही?" त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. इतक्या पटकन नाही म्हणाले की औषधवाल्यानेही मान वर केली. त्याला ठाऊक आहे मी कुठे असते ते. "तुम्हीच आहात," तो माणूस म्हणाला. "मी रोज ऐकतो तुम्हाला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं पडलं असतं. रागावलेल्या माणसाचं काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं आहे. आधी ऐकून घ्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, "मी समजू शकते" म्हणायचं आणि मग पत्ता विचारायचा. हा मात्र शांतपणे खिशातून एक फोन काढत होता, गुलाबी कव्हरचा, कडेला चीर गेलेला, स्वतःचा नसलेला. "मी कुलपांचं काम करतो," तो म्हणाला. "पुराच्या दिवशी पुलापलीकडे गेलो होतो, एका शाळेची कुलपं बदलायला. मग पूल बंद केला. बायको घरी एकटी. मीच तिला म्हटलं, कंट्रोल रूमला फोन कर, ते लोक येतात. नंबर फ्रिजवर होताच." फ्रिजवरचा तो नंबर आमच्याच खात्याने घरोघर वाटलेला. मागे लोहचुंबक, पुढे हसणाऱ्या बोटीचं चित्र. बोटीला डोळे आणि ओठ काढलेले. "तिचा फोन सगळी बोलणी आपोआप साठवून ठेवायचा," तो म्हणाला. "कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर सापडला. भिजू नये म्हणून तिनं वर ठेवला असणार." आणि त्याने तिथेच, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी, फोन ठेवून बटण दाबलं.

बाईचा आवाज आला. घाबरलेला नाही, जरा संकोचलेला, दुसऱ्यांदा त्रास देतेय म्हणून. "हॅलो, मी मघाशी पण केला होता फोन. पाणी आता पायरीवर आलंय." मग मी. पत्ता सांगा ताई. तिने सांगितला. तळमजला, निळं दार. "आणि खिडकीच्या गजांना मी पिवळी चादर बांधलीय, लांबून दिसेल त्यांना." एक मिनिट हं, असं मी म्हणाले. त्यानंतर खरखर, आणि त्या खरखरीतून, लांबून, माझाच पण मला ओळखू न येणारा, चिरका आवाज, "आई, ऐक माझं. आत्ताच्या आत्ता वर जा. सामान राहू दे. जा म्हणते ना!" आणि पुन्हा जवळून, गुळगुळीत, "हां ताई. मदत निघाली आहे. आहात तिथेच थांबा. फोन मोकळा ठेवा." संपायला हवं होतं तिथेच, पण ती बाई म्हणाली, "तुमच्या आई का? बऱ्या आहेत ना? काळजी घ्या हं." मग टक्. एक मिनिट दहा सेकंद. पडद्यावर आकडा थांबलेला दिसत होता.

"माझं भांडण नाही, ताई," कुलूपवाला म्हणाला. मॅडमची ताई कधी झाली ते मला कळलंही नाही. "एकच विचारायचंय. तुमच्या आईला वर जा म्हणालात. हिला का नाही म्हणालात?"

मी बाटली न घेताच बाहेर पडले. पळाले म्हणा. मागून औषधवाला "अहो, थेंब!" म्हणून ओरडत होता आणि मी फूटपाथवरून अशी चालले होते जणू कुणीतरी माझ्याच ऑफिसातून मला फोन करून सांगितलंय की मागून पाणी येतंय. कुणाचा राग येतोय हे आधी कळेना, म्हणून मी त्याचाच करून बघितला. हा कोण मला भर दुकानात जाब विचारणारा? आठ महिने झाले त्या पुराला. मी काय बोट खिशात घेऊन बसले होते? दिवसभरात दोनशे सात फोन घेतले मी, पाणी प्यायला उठले नाही. पण हा राग टिकेना. दोन चौक चालून होईस्तोवर तो विरला आणि त्याच्या खालचा, खरा, वर आला. तो जुना आहे. त्याला माझ्या ऑफिसाचा वास आहे, कोंदट गालिच्याचा आणि गरम झालेल्या हेडफोनच्या स्पंजाचा.

त्या वाक्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ते वाक्य माझं आहे. हे खात्यातसुद्धा आता कुणाला आठवत नसेल. सहा वर्षांपूर्वी एक लहानसा पूर आला होता. एका कुटुंबाने फोन केला, बोट लगेच निघाली, खरोखर निघाली, मी डोळ्यांनी पाहिली. पण ती घरापाशी पोचेपर्यंत ते घाबरून छपरांवरून चौथ्या घरावर गेले होते. बोट रिकाम्या घराभोवती तासभर फिरत राहिली आणि तेवढ्यात दुसरीकडे एक म्हातारा गेला. मला ते फार लागलं होतं. नंतर आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये, आणि शिकवायला आलेल्या चकचकीत बुटांच्या माणसाने विचारलं, फोन ठेवण्याआधी शेवटचं वाक्य काय असावं? घाबरलेला माणूस पुन्हा पुन्हा फोन करतो, लाइन अडवतो, त्याला धीर वाटला पाहिजे. मी हात वर केला. शाळेतल्या हुशार मुलीसारखा. म्हणाले, मदत निघाली आहे, आहात तिथेच थांबा, फोन मोकळा ठेवा. त्याने ते फळ्यावर लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणतो, कारण महापूर असो की भूकंप, त्यांच्या शर्टाची घडी मोडत नाही, ते उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सुरेख! अगदी सुरेख!" महिन्याभरात ते वाक्य कार्डावर छापून प्रत्येक टेबलाला चिकटवलं गेलं. मग संगणकात एक चौकट आली, 'धीर दिला', आणि तिच्यावर खूण केल्याशिवाय फोन बंद करता येईना. बोट निघाली की नाही, यासाठी चौकट नव्हती. तशी कुणी मागितली नाही. मीही नाही.

आणि मी तर मागायलाच हवी होती, कारण माझ्या खुर्चीवरून बोटींचा फळा दिसतो. बाकीच्या तिघींना खांब आडवा येतो. पांढरा फळा, त्यावर प्रत्येक बोटीचं एक निळं चुंबक. उजवीकडे म्हणजे धक्क्यावर, डावीकडे म्हणजे बाहेर. कागदोपत्री बोटी नऊ. त्यातल्या पाचांची इंजिनं दुरुस्तीला म्हणून काढून नेलेली, ती दोन वर्षं आलीच नव्हती, तरी त्यांची चुंबकं इस्त्रीसाहेबांनी उजव्या बाजूला नीट ओळीत लावून ठेवलेली, पाहुणे आले की फळा भरलेला दिसावा म्हणून. उरल्या चार. त्या दिवशी साडेअकराला चारही डावीकडे गेल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिल्या. एक तर पाहणीला आलेल्या मोठ्या लोकांना पाणी दाखवत फिरत होती. मी फळा बघत होते आणि म्हणत होते, मदत निघाली आहे. बघत होते आणि म्हणत होते. लोक विचारतात, खोटं बोलताना जीभ अडखळत नाही का? अजिबात नाही. समोर कार्ड असलं की जिभेला काही करावंच लागत नाही.

मग पर्समधला माझा स्वतःचा फोन थरथरला. आई. ती तेव्हा खालच्या गल्लीत एकटी राहायची, गुडघे कामातून गेलेले, हट्ट मात्र शाबूत. माझ्या कानात ती निळ्या दाराची बाई होती आणि हातात आई. मी एक मिनिट हं म्हणाले, माइकवर तळवा ठेवला. आई म्हणाली, "अगं, पाणी अंगणात आलंय, तुमच्या लोकांना सांग ना, बोट पाठवतील." आणि मी फळ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून कार्ड बाहेर पडलं नाही. मी हळू आवाजात म्हणाले, "कोणी येत नाहीये, आई." मग तिने काहीतरी धान्याच्या डब्यांचं काढलं आणि मी ओरडले, तेवढंच त्या गुलाबी फोनमध्ये शिरलं. तळवा बाजूला केला. निळ्या दाराच्या बाईला मी मदत निघाल्याचं सांगितलं, चौकटीवर खूण केली, पुढच्या फोनचा दिवा लागला होता तो घेतला. ती बाई वाट बघत दारापाशीच थांबली. वरच्या मजल्यावरून हाका मारत होते म्हणे, ती म्हणाली, "त्या बाई बोलल्यात, येतायत ते. मी वर आले तर त्यांना दार कसं सापडेल?" हे चौकशीच्या अहवालात आहे. चौतीस पानांचा अहवाल. त्यात पुढे लिहिलंय, 'सदर महिलेने सुरक्षित स्थळी जाण्यास दिरंगाई केली.' दिरंगाई! तिने! अहवाल आला त्या दिवशी इस्त्रीसाहेबांनी सगळ्यांना चहा दिला. म्हणाले, आपल्या खोलीवर ठपका नाही, उलट अठ्ठ्याण्णव टक्के फोन उचलले गेल्याचं कौतुक आहे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, आमच्याकडे झोपासुद्धा केला नाही, बैलाचीच चूक काढली. आणि मी काय केलं? मूग गिळून चहा प्याले. बिस्किट पण खाल्लं.

घरी पोचले तर आई खुर्चीत बसून डोळे मिटूनच म्हणाली, "आणलेस थेंब?" पुरापासून ती माझ्याकडेच राहते. मी पानं वाढली. जेवताना खालच्या मजल्यावरची बाई भांडं परत द्यायला आली आणि आईने नेहमीची टेप लावली. पुराची गोष्ट तिने आत्तापर्यंत अर्ध्या शहराला सांगितली असेल. पोरीचा फोन आला, पोरगी म्हणाली वर जा, मी गेले, तासाभरात खालचं सगळं बुडालं. "ओळख असावी लागते बाई कुठेतरी," आई म्हणाली. "आपलं माणूस आत असलं म्हणजे खरं काय ते कळतं." खालची बाई मान हलवत राहिली. तिचं कुणी आत नाही. तिच्या मानेत मला हेवा दिसला, दुसरं काही नाही, आणि माझ्या डोक्यात सणक गेली. ती दाराबाहेर पडते न पडते तोच मी ताट सारलं.

"बंद कर हे आई. पुन्हा ही गोष्ट कुणाला सांगितलीस तर बघ."

"मी काय खोटं सांगते का?"

"खरं आहे म्हणूनच बंद कर! तुझ्याशी बोलत होते ना, तेव्हा दुसऱ्या कानात एक बाई होती. तिला मी थांब म्हणाले. ती थांबली आणि गेली. तिचं कुणी आत नव्हतं ना!"

आईने डोळे उघडले. लाल झाले होते, थेंब नसल्यामुळे. बराच वेळ ती ताटातल्या उरलेल्या घासाशी बोटाने खेळत बसली. मला वाटलं होतं ती म्हणेल, तुझा काय दोष, तू हुकमाची ताबेदार. सगळे तेच म्हणतात. माझ्या शेजारच्या टेबलावरची, जिला आम्ही बारकी म्हणतो, ती तर महिन्यातून एकदा तरी म्हणतेच. आई म्हणाली, "मग मला काय थांब म्हणायला हवं होतंस?"

"तसं नाही गं."

"नाही ना? मग तिलाही वर जा म्हणायचं होतंस. दोन शब्दांचं तर काम." आणि थोड्या वेळाने, हात धुऊन आल्यावर, "कोणी येत नाहीये म्हणालीस ना, म्हणून हलले मी. नाहीतर हे गुडघे घेऊन कशाला जिना चढतेय. बोट येणारच आहे म्हटल्यावर माणूस बसूनच राहणार."

दोन वाजता माझी पाळी सुरू झाली. बसमधून येताना नदी दिसते, तिचा रंग मातकट झाला होता आणि पुलाच्या खांबांवरची आकड्यांची पट्टी निम्मी बुडाली होती. वरच्या बाजूला दोन दिवस पाऊस होता, धरणाचे दरवाजे सकाळी उघडलेले. खोलीत शिरले तेव्हा बारकीने नुसत्या भुवया उडवल्या. फळ्यावर पाच बिनइंजिनाची चुंबकं उजवीकडे नीट ओळीत, आणि चार खरी डावीकडे. अजून तीनही वाजले नव्हते. इस्त्रीसाहेब काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसले होते. ते असे मधूनमधून आमचे फोन ऐकतात, कोण वाक्य विसरतं ते बघायला. मला बघून त्यांनी काचेतून अंगठा दाखवला. मी बसले. स्पंज कानावर चढवला, तो आधीच्या पाळीतल्या मुलीच्या कानाने अजून गरम होता. कार्ड समोर. त्याचा एक कोपरा उचकटलेला आहे, विचार करताना मी तो नखाने उचलते. कुलूपवाल्याचा प्रश्न मी सकाळपासून टाळत होते असं नाही, उत्तर शोधत होते, आणि शोधून शोधून हाती एवढंच आलं होतं की उत्तर नाहीच. भीती नव्हती, हुकूम नव्हता, त्या क्षणी तर साहेब जेवायला गेले होते. आई माझी होती आणि ती बाई फोन होती. हे त्याला जाऊन कसं सांगायचं? तुमची बायको मला एक दिवा वाटली म्हणून?

पहिले काही फोन किरकोळ होते. शाळा सोडणार का, पूल चालू आहे का. एका काकांना फक्त आम्ही जागे आहोत की नाही ते बघायचं होतं. सव्वातीनला दिवा लागला आणि एक तरुण, धापा टाकणारा आवाज म्हणाला, "हॅलो, पाणी उंबऱ्याला लागलंय. मी आणि वडील आहोत. त्यांना चालता येत नाही नीट. बोट पाठवा लवकर."

"पत्ता सांगा, दादा." त्याने सांगितला. मी टाइप केला. बोटं चालत राहिली आणि नजर सवयीने कार्डावर गेली, आणि मी तोंड उघडलं, आणि मला लाज वाटते सांगायला, पहिला शब्द निघालासुद्धा. "मदत," मी म्हणाले. मग थांबले. कानात त्याच्या मागे पाण्याचा आवाज येत होता, मोठा नाही, बादली भरत आल्यावर येतो तसा. मी फळ्याकडे बघितलं.

"हॅलो?"

"वर कोण राहतं, दादा?"

"वर? वर आहेत एक. आमचं बोलणं नाही त्यांच्याशी. गाडी लावण्यावरून झालं होतं मागे. बोट निघाली का?"

"बोट नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. चार आहेत, चारही बाहेर गेल्यात. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे कोणी येणार नाही. वडिलांना पाठीवर घ्या आणि वर जा. आत्ता."

तो फुटला. अशा शिव्या मी एकोणीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या, आणि मी पुष्कळ ऐकल्या आहेत. तुम्ही काय झोपा काढायला बसलाय तिथे? कशाला वाटलेत ते नंबर? फ्रिजवर बोट चिकटवलीय आमच्या, हसतेय भवानी! आई-बाप, खातं, सरकार, कुणालाच त्याने सोडलं नाही, आणि मी मध्ये तोंड घातलं नाही. शिकवलं होतं म्हणून नव्हे, तर त्याचा शब्दन् शब्द खरा होता म्हणून. गेले आठ महिने मला जे इस्त्रीसाहेबांना म्हणायचं होतं ते हा पाण्यात उभा राहून मला म्हणत होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण ते रागाचं होतं. "बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "सगळं बरोबर आहे. राहिलेल्या शिव्या वर जाऊन द्या. फोन खिशात ठेवा, बंद करू नका. मी ऐकतेय."

काचेवर टकटक झाली. मग दार उघडलं आणि साहेब आले, घडी न मोडलेला शर्ट माझ्या खांद्याशी येऊन वाकला. "काय चाललंय हे? काय बोललात तुम्ही?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "घबराट पसरेल. वाक्य म्हणा आणि फोन बंद करा. शंभर लोक रांगेत आहेत." त्यांचा हात माझ्या संगणकाच्या माउसकडे येत होता. मी त्यांच्या चेहऱ्यासमोर तळवा धरला.

"एक मिनिट हं, साहेब," मी म्हणाले.

त्या आवाजाने ते खरंच थांबले. सगळे थांबतात. बारकीने आपल्या कानावरचा स्पंज एका बाजूने उचलून धरला होता. माझ्या कानात कापडाची घसट, पाण्यात पाय पडल्याचा आवाज, एका म्हाताऱ्या माणसाचं "अरे हळू, अरे माझी काठी", आणि "मरू दे काठी!" मग पायऱ्या. एक, आणि थांबणं. दोन, आणि थांबणं. धाप. सतरा मोजल्या मी. त्यानंतर दारावर थापा, आणि आतून बाईचा आवाज, "कोण आहे?"

"आम्ही. खालचे."

शांतता. ती किती वेळ होती ते पडद्यावर असेल, मला नाही सांगता येणार. मला निळं दार दिसत होतं, चादर, आणि दाराआड उभी असलेली ती, मी सांगितलं म्हणून. मग कडी सरकल्याचा आवाज आला आणि ती बाई म्हणाली, "अहो, मग बाहेर काय उभे राहिलात? आधी बाबांना आत घ्या." काहीतरी आपटलं, खुर्ची ओढली गेली, आणि बऱ्याच वेळाने तोच तरुण पुन्हा फोनवर आला. धाप लागलेली होती, तरी राग जसाच्या तसा होता.

"ऐकताय का? तुमच्यावर विश्वास ठेवून खाली बसलो असतो ना, तर मेलो असतो आम्ही!"

"हो, दादा," मी म्हणाले.

चौकटीवर खूण केल्याशिवाय फोन बंद होईना, म्हणून मी तो तसाच चालू ठेवला, त्याच्या वरच्या घरातल्या गलक्यासकट, आणि बारकीचा दिवा माझ्याकडे ओढून घेतला. साहेब अजून खांद्याशी उभे होते. पलीकडे कुणीतरी म्हातारी बाई होती, आधी माफी मागत होती, त्रास देतेय म्हणून.

"आजी," मी म्हणाले, "बोट नाहीये. तुमच्या वर कोण राहतं?"